पंपावरचं दुकान मोठं करताय? आधी समोरच्या सोसायटीच्या गेटवर उभं राहून बघा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पेट्रोल पंपावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरचं नफ्याचं गणित बघितलं. आजूबाजूचे लोक विरोध करतात तो भाग मुद्दामच इथे लिहायला ठेवला होता, कारण त्याला आकडेमोड लागते आणि ती स्क्रीनवर भराभर सरकते. तुमचा पंप नसला तरी वाचा. बेकरी, कार वॉश, चहाचं आउटलेट, क्लाउड किचन, काहीही वाढवायला गेलात की हाच प्रसंग समोर येतो.

पंपवाल्याला दुकान मोठं का करायचं असतं, ते आधी समजून घेऊ. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पंप म्हणजे नोटांची मशीन. पण पेट्रोलचा भाव डीलरच्या हातात नाही आणि कमिशनही नाही. २०१७ नंतर डीलर कमिशन थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढलं, पेट्रोलवर लिटरमागे ६५ पैसे आणि डिझेलवर ४४ पैसे. मधली सात वर्षं मुलांचे पगार वाढले, वीजबिल वाढलं, कार्ड मशीन आली, क्यूआर आला, आणि लिटरमागचं कमिशन तेच. अशा माणसाला दुसरं उत्पन्न शोधावंच लागतं. कंपन्याही तेच सांगतात. भारत पेट्रोलियमचं इन अँड आउट बरंच जुनं, एचपीचं हॅपी शॉप नंतरचं. आणि आपल्या पनवेलकरांना हे माहीत असायला हवं की जिओ-बीपीचा देशातला पहिला मोबिलिटी स्टेशन ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्याच नावड्याला सुरू झाला. तिथे पेट्रोलसोबत चोवीस तासांचं दुकान आणि वाइल्ड बीन कॅफे, मेनूत मसाला चहा, समोसा, उपमा. म्हणजे ही कल्पना काही परदेशातून यायची वाट बघत नाहीये, ती तळोजाच्या रस्त्यावर कधीच येऊन बसलीय.

आता हिशोब धरू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुम्ही तुमचे टाका. समजा सध्याचं दुकान २५० चौरस फूट. दिवसाला १०० बिलं, सरासरी बिल १०० रुपये, म्हणजे १०,००० ची विक्री. बहुतेक गिऱ्हाईक पेट्रोल भरायला आलेलंच. गाडी नोझलजवळ, माणूस दोन मिनिटांत पाण्याची बाटली घेऊन परत. तुम्ही ठरवता दुकान ९०० फुटांचं करायचं, कॉफी मशीन, सँडविच, बसायला चार टेबलं. विक्री ४०,००० होईल असा अंदाज. पंधरा टक्के सुटले तर रोजचे ६,०००. लिटरमागे चार रुपये धरले तर एवढ्यासाठी दीड हजार लिटर जास्तीचं पेट्रोल विकावं लागेल. कुठलाही धंदेवाला म्हणेल, करून टाक.

आणि मग एका रविवारी समोरच्या सोसायटीच्या गेटवर बॅनर लागतो. खाली पन्नास-साठ सह्या, एक प्रत नगरसेवकाला, एक महापालिकेला, एक पोलिस स्टेशनला.

इथे बहुतेक मालक पहिलं वाक्य बोलतात ते असं: "पंप आधी होता, तुम्ही नंतर राहायला आलात." पनवेलपुरतं हे बऱ्याचदा खरंही असतं. आपलं गाव रस्त्यांचं गाव. जुना मुंबई-पुणे हायवे इथून, गोवा हायवेची सुरुवात इथून, एक्स्प्रेस वे कळंबोलीहून, सायन-पनवेल आहेच. पंप रस्त्याला लागून आले, इमारती मागून आल्या. १८५२ ची नगरपालिका, १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली, आता विमानतळही सुरू झाला. पंपाच्या मागच्या मोकळ्या जागेत आज सात-सात मजले उभे आहेत. पण हे उत्तर चालत नाही, कारण त्या माणसाने पंपाशेजारी फ्लॅट घेतला होता, कॅफेशेजारी नाही. पंपाचा त्रास त्याने भाव करताना धरला होता. रात्री साडेबाराला बाइकवर बसून कॉफी पिणारी आठ पोरं त्याने धरली नव्हती.

मंडळी, माझं मत स्पष्ट आहे. दुकानाच्या चौरस फुटांना कोणाचा विरोध नसतो. विरोध असतो गाडी किती वेळ आणि कुठे उभी राहते याला. बाकी सगळे मुद्दे त्याच्यावर चढवलेले असतात. हे पटत नसेल तर वरचाच हिशोब पुढे नेऊ.

४०,००० ची विक्री, सरासरी बिल १६० धरलं तर २५० बिलं. यातली चाळीस टक्के संध्याकाळी सात ते दहात येतात असं धरा, म्हणजे १००. ताशी ३३. कॉफी-सँडविचवाला दहा मिनिटं थांबतो. ३३ गुणिले १०, भागिले ६०, साडेपाच. म्हणजे संध्याकाळी कधीही बघा, पाच-सहा गाड्या उभ्याच असणार. शनिवारी दीडपट, आठ. यातल्या निम्म्या टू-व्हीलर धरा, तरी चार कार आणि चार बाइक. नोझलसमोर त्या लावता येत नाहीत, तिथे लावल्या तर पेट्रोलचा धंदा अडतो. हवा भरायच्या जागेवर लावल्या तर हवा बंद. मग त्या जातात रस्त्यावर. आणि रस्त्यावर म्हणजे सोसायटीच्या गेटसमोर. शाळेची बस तिथे वळते, अँब्युलन्स तिथून आत जाते. जुन्या दुकानाचं हेच गणित करा: संध्याकाळी ४० बिलं, ताशी तेरा-चौदा, दोन मिनिटं प्रत्येकी, अर्धी गाडी. तीही नोझलजवळ. तुमच्या दृष्टीने विक्री चौपट झाली. समोरच्याच्या दृष्टीने शून्यावरून आठ गाड्या झाल्या. दोघंही खरं बोलतायत.

हा प्रकार जगभर असाच चालतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पेटालुमा नावाचं गाव आहे, साठ हजारांच्या आसपास वस्ती. तिथे एका सुपरमार्केट कंपनीला शाळेसमोर पेट्रोल पंप टाकायचा होता. लोक अनेक वर्षं भांडले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. शेवटी मार्च २०२१ मध्ये त्या गावाच्या कौन्सिलने नवा पेट्रोल पंपच नको असा ठराव केला, अमेरिकेत पहिल्यांदा. एका दुकानदाराने लोकांना गृहीत धरलं की दार त्याच्या पुढच्या सगळ्यांसाठी बंद होतं. तिकडे अशा प्रस्तावावर जाहीर सुनावणी असते, शेजारी माइकवर येऊन बोलतो. आपल्याकडे विकास आराखडा किंवा त्यातला बदल असेल तर एमआरटीपी कायद्याखाली हरकती-सूचना मागवतात. पण चालू पंपाच्या आवारात दुकान वाढवायचं असेल तर शेजाऱ्याला बोलवून विचारण्याची तशी पायरी सहसा येत नाही. म्हणून तो बॅनर लावतो. त्याच्याकडे दुसरी खिडकीच नाही.

परवानग्यांबद्दल थोडं, कारण इथे दोन्ही बाजू अर्धवट माहितीवर भांडतात. पंपाचं लायसन्स पेसोकडून येतं, म्हणजे स्फोटकांचं खातं. मुख्य ऑफिस नागपूरला, आपल्यासाठी जवळचं सीबीडी बेलापूरला. लायसन्ससोबत मंजूर नकाशा असतो. त्या आवारात बदल करायचा तर आधी लेखी परवानगी, मग गवंडी. महापालिकेची बांधकाम परवानगी वेगळी. सिडकोच्या नोडमध्ये प्लॉट असेल तर जमीन लीजवर आहे, कुठल्या वापरासाठी दिलीय ते करारात बघा. तेल कंपनीची परवानगी वेगळी. पंपाचा रस्ता राष्ट्रीय महामार्गाला मिळत असेल तर आत-बाहेर जायच्या वाटेचे नियम वेगळे. खाद्यपदार्थ आले की एफएसएसएआय. व्हिडिओत म्हटलं होतं तेच पुन्हा म्हणतो, यातला एक कागद जरी मागे राहिला तर सोसायटीतला एखादा रिटायर्ड क्लार्क तो माहिती अधिकारात बरोब्बर शोधून काढतो. तीस दिवसांत उत्तर येतं. त्या काकांना कमी समजू नका, त्यांच्याकडे वेळ आणि फाइल दोन्ही आहे.

लोक ५० मीटरचा नियम नेहमी पुढे करतात. तो खरा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ७ जानेवारी २०२० ला मार्गदर्शक सूचना काढल्या. नवा पंप शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं हॉस्पिटल आणि निवासी क्षेत्रापासून ५० मीटरच्या आत नको. जागेची अडचण असेल तर पेसोने सांगितलेले जादा सुरक्षा उपाय करून कमी अंतर चालतं, पण ३० मीटरच्या खाली कधीच नाही. अंतर मोजतात ते टाकी भरायची जागा, डिस्पेन्सर किंवा व्हेंट पाइप यातलं जे जवळ असेल तिथून. दुकानाच्या भिंतीपासून नाही. आणि या सूचना नव्या पंपांसाठी आहेत. म्हणजे तुमचा पंप पंचवीस वर्षं जुना असेल तर या मुद्द्यावर सोसायटी हरेल. पण हरलेली सोसायटी शांत बसत नाही, ती ट्रॅफिकवाल्यांना फोन लावते. आणि तिथे ती जिंकते, कारण गाड्या खरंच उभ्या असतात.

सुरक्षेच्या भीतीला हसू नका. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात महाकाय होर्डिंग पंपावर कोसळलं, १७ माणसं गेली. होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. ते पेट्रोलमुळे झालं नाही, पंपाच्या जागेवर जास्तीचं उत्पन्न म्हणून उभं केलेल्या गोष्टीमुळे झालं. त्यानंतर पंपावर काही वाढतंय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. तुम्ही तळण ठेवणार आहात का, गॅस सिलिंडर आत येणार का, हा प्रश्न विचारणारी बाई अडाणी नाही. उत्तर "नाही, फक्त इलेक्ट्रिक ओव्हन, तोही मंजूर नकाशात दाखवलेल्या जागी" असं असेल तर ते तिने विचारायच्या आधी सांगा. भजी-वडा तुमच्या पंपावर नसला तरी पनवेलमध्ये कोणी उपाशी राहत नाही.

अफवांचं खातं वेगळंच. "दुकान मोठं होतंय म्हणजे उद्या बिअर ठेवणार." ही अफवा हवेतून येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. त्यावर राज्यभर केवढा गदारोळ झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, ते सगळ्यांना आठवतं. त्यात खारघर आपल्याच महापालिकेत, तिथले रहिवासी दारूच्या दुकानांविरुद्ध वर्षानुवर्षं लढतायत. म्हणून दारू नाही हे लेखी द्या. सिगारेटचंही ठरवा. शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांत तंबाखू विकायला कायद्यानेच बंदी आहे, आणि पंपावर सिगारेट-लायटर विकणं मला तसंही वेड्यासारखं वाटतं.

आता ज्याच्यावर कोणी उघड बोलत नाही तो मुद्दा. निवेदनाच्या खाली सह्यांमध्ये बघा, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची सही पहिल्या पाचात असते. कधीकधी कागद त्यानेच टाइप करून आणलेला असतो. त्यात लिहिलंय सुरक्षा, मनात आहे गल्ला. मी स्वतः दुकानदार आहे, त्यामुळे मला त्याचा राग येत नाही. समोर चोवीस तास एसीचं दुकान उघडलं तर मलाही झोप लागणार नाही. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने कायद्याने चोवीस तास दुकान ठेवता येतं, ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने ते परत स्पष्ट केलं. पण मोठ्या दुकानाला तीन शिफ्टची माणसं परवडतात, किराणावाल्याकडे तो, त्याची बायको आणि एक पुतण्या.

इथे पंपवाल्याने एक साधा निर्णय घ्यायचा. तुमचं गिऱ्हाईक रस्त्यावरचं आहे की गल्लीतलं? पाच किलो आटा, तूरडाळ, फिनेल आणि दुधाची पिशवी ठेवलीत तर तुम्ही गल्लीत उतरलात. या मालावर सुटतं कमी, जागा खातो जास्त, आणि शत्रू मिळतो फुकट. पाणी, ज्यूस, चार्जर, ओआरएस, वायपर, बिस्किटं, गरम काहीतरी, एवढ्यावर राहिलात तर किराणावाल्याचं फारसं काही जात नाही. मी तर सांगतो, रॅकची यादी करून एकदा त्याच्या दुकानात जा. "दादा, यातलं काय तुझ्याकडे जोरात चालतं?" असं विचारा आणि त्यातले दोन-तीन आयटम काढून टाका. दहा मिनिटांचं काम आहे. तो मित्र होईल असं नाही, पण सह्या गोळा करत फिरणार नाही.

आणि किराणावाल्या मित्रांनो, तुम्हालाही. सुरक्षेच्या नावाने केलेली तक्रार ज्या दिवशी पेसोचा कागद दाखवला जातो त्या दिवशी संपते. पंपावरचं दुकान उधारी लिहीत नाही, तिसऱ्या मजल्यावर माल पोचवत नाही, पन्नास ग्रॅम हिंग देत नाही. तुमचा गल्ला तिथे आहे.

सोसायटीशी बोलायचं कधी? नकाशा सबमिट करायच्या आधी. कुठे? त्यांच्या ऑफिसात, पंपाच्या केबिनमध्ये नाही. सोबत वकील नको, नगरसेवक तर अजिबात नको. त्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी काका पहिला बॉल असा टाकतील:

"शेठ, तुमच्याकडे येणारी गाडी आत्ताच आमच्या गेटसमोर उभी राहते. दुकान मोठं झाल्यावर काय होईल?"

याला "काका, आमच्याकडे सगळ्या परवानग्या आहेत" हे उत्तर दिलंत तर मीटिंग तिथेच संपली. परवानगी महापालिकेने दिली, काकांनी नाही. त्याऐवजी विचारा, "काका, सगळ्यात जास्त त्रास किती वाजता होतो?" मग ते बोलतील. पाण्याच्या टँकरबद्दल बोलतील, पहाटे पाचला कोल्ड्रिंकचे क्रेट आपटणाऱ्या टेम्पोबद्दल बोलतील, तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये येणाऱ्या तुमच्या कॅनपीच्या उजेडाबद्दल बोलतील. निम्म्या गोष्टींचा नव्या दुकानाशी संबंध नसेल. लिहून घ्या. उजेडाला शेड लावायला किती खर्च येतो? टेम्पोवाल्याला सातनंतर ये सांगायला काहीच नाही. चिलर आणि एसीचे कॉम्प्रेसर रस्त्याच्या बाजूला ठेवा, मागे बेडरूमकडे नको. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि जुना कॉम्प्रेसर ती सहज ओलांडतो. हे सगळं आधी करून दाखवा, नवीन दुकानाचं नाव न काढता. महिनाभराने परत जा.

तेव्हा कागद द्या. स्टॅम्प पेपर नको, तुमच्या लेटरहेडवर. दुकान पहिले सहा महिने रात्री अकराला बंद. संध्याकाळी सात ते अकरा एक माणूस फक्त गाड्या लावायला. गेटसमोर गाडी दिसली तर कोणाला फोन करायचा त्याचा नंबर, आणि तो नंबर तुमचा, मॅनेजरचा नाही. हवा, पिण्याचं पाणी, टॉयलेट या तर पंपाने लोकांना फुकट द्यायच्याच सोयी आहेत. त्या बंद किंवा घाणेरड्या असतील तर कॅफेची गोष्ट करायला तोंड राहत नाही.

रहिवासी वाचत असाल तर तुमच्यासाठीही एक गोष्ट. "आम्हाला नको" एवढ्यावर कुठलंही ऑफिस काही करत नाही. पंधरा दिवस रोज सात ते दहात गेटसमोर किती गाड्या उभ्या होत्या ते तारीख-वेळेसकट लिहा, फोटो काढा. ते प्रभाग कार्यालयाला आणि वाहतूक पोलिसांना द्या. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा. आणि मालक बोलायला आला तर दार उघडा. बॅनरपेक्षा त्याच्या लेटरहेडवरचा अकरा वाजताचा शब्द जास्त कामाला येतो, कारण तो मोडला तर दाखवायला कागद आहे.

परत मालकाकडे. समजा तुम्ही मोजलंत आणि कळलं की आवारात कशाही लावल्या तरी तीनच कार मावतात. मग ९०० फूट विसरा. ४५० फूट करा आणि टेबलं काढून टाका. बसायला जागा नाही म्हटल्यावर माणूस दहाऐवजी चार मिनिटं थांबतो. दिवसाला १५० बिलं, सरासरी १४०, विक्री २१,०००, सुटले ३,१५०. संध्याकाळी ६० बिलं, ताशी २०, गुणिले ४ भागिले ६०, सव्वा गाडी. शनिवारी दोन. नफा निम्म्याहून थोडा जास्त राहिला आणि उभ्या गाड्या आठवरून दोनवर आल्या. बांधकामाचा खर्चही निम्मा.

मोजायची एक्सेल शीट व्हिडिओच्या खाली ठेवलीय. पिवळ्या खान्यांत फक्त चार आकडे टाकायचे: बिलं, संध्याकाळचा टक्का, थांबायची मिनिटं आणि तुमच्याकडच्या गाड्यांच्या जागा. थांबायची मिनिटं अंदाजाने टाकू नका. एका शनिवारी संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे, सोसायटीच्या गेटशी खुर्ची टाकून घड्याळ लावून मोजा. वॉचमनला चहा पाजा, तुमच्या पंपाबद्दल सगळ्यात जास्त त्यालाच माहीत असतं.